मदत हवी आहे: एका गाडीचं गॅरेज, त्यात गवत कापायचा मोअर, बर्फ हटवायचा स्नोब्लोअर आणि बागेचं सगळं सामान. गाडी आत कशी बसवू?

अंगणवेल:

नमस्कार मंडळी,

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. घर जुनं आहे, गॅरेज एकाच गाडीचं आणि घराला लागून. दोन वर्षांत आमची गाडी त्या गॅरेजमध्ये एकदाही उभी राहिलेली नाही, कारण आत लॉनचं सामान आहे. आतापर्यंत चालून गेलं. या हिवाळ्यात मात्र चालणार नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई सांगलीहून येते आहे, एप्रिलपर्यंत राहील. तिचं वय ७२, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मागच्या फेब्रुवारीत ती इथेच होती. रात्री बर्फ वितळून पुन्हा गोठला होता आणि ड्राइव्ह वेवर काचेसारखा पातळ थर बसला होता, दिसतही नव्हता. मी गाडीचं दार उघडायला पुढे गेले आणि मागे आई पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ती एका शब्दाने मला काही बोलली नाही, पण मला ते अजून विसरता येत नाही. या वर्षी तिने घरातून थेट गॅरेजमध्ये उतरून तिथेच गाडीत बसावं, बर्फावर पाऊलच ठेवू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आता मापं. गॅरेज आतून १२ फूट रुंद, २२ फूट खोल. बाहेरचं मोठं दार ९ फूट रुंद आणि मधोमध आहे. घरात जायचं दार आत शिरताना उजव्या हाताला, दोन पायऱ्यांवर. पुढच्या डाव्या कोपऱ्यात गॅसवरचा वॉटर हीटर. गाडी होंडा ओडिसी: लांबी सुमारे १७ फूट, रुंदी आरसे सोडून साडेसहा फूट.

सामान: २१ इंची पेट्रोलचा मोअर, २४ इंची टू-स्टेज स्नोब्लोअर (हा सगळ्यात मोठा, हँडल धरून जवळजवळ ५ फूट लांब), खत टाकायचा स्प्रेडर, व्हीलबॅरो (एका चाकाची हातगाडी), ट्रिमर, लीफ ब्लोअर, तीन रेक, दोन फावडी, पाण्याचे पाइप, ८ फुटी शिडी, मुलांच्या दोन सायकली, खताच्या आणि बियांच्या अर्धवट पिशव्या.

बॅकयार्डात शेड टाकायचा विचार केला होता. टाउनशिपकडे चौकशी केली. कुंपणापासून किती अंतर सोडायचं याचे नियम आहेत आणि आमच्या जागेत ते बसवायचं तर मधलं मॅपलचं झाड पाडावं लागेल. ते करायचं नाही.

माझे प्रश्न:
मोअर भिंतीला उभा टेकवून ठेवला तर चालतो का? तसे फोटो बरेच बघितले.
भिंतीवर हुक लावले होते, दोन आठवड्यांत व्हीलबॅरोसकट निघून आले. ड्रायवॉलला भोकं पडली. काय चुकलं?
स्नोब्लोअरचं काय करायचं? तो ना उचलता येत, ना टांगता येत.

- - -

रानजाई:

आधी मोअरबद्दल, कारण तिथे घाई केली तर नुकसान होतं. जे मोअर उभे ठेवण्यासाठी बनवलेले असतात तेच उभे ठेवायचे. तुमच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं नसेल तर नाहीच म्हणून समजा. साध्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेल खाली साठलेलं असतं. मशीन उभं केलं की ते सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये उतरतं, टाकीतलं पेट्रोल झाकणातून झिरपतं. मी एक हिवाळा तसा ठेवला होता. एप्रिलमध्ये सुरू केला तर पांढरा धूर, फिल्टर तेलाने चिंब. नवा फिल्टर, नवा स्पार्क प्लग, तेल बदललं, तेव्हा कुठे चालला.

पण हँडल दुमडता येतं का ते बघा. बहुतेक पुश मोअरचं येतं, दोन नॉब सैल करायचे असतात. दुमडल्यावर तो गुडघ्याच्या उंचीचा, साधारण तीन फूट लांबीचा ठोकळा होतो. तो सपाटच राहतो आणि फळीच्या खाली जातो.

पातं साफ करायला कधी तिरका करावाच लागला तर आधी प्लगची वायर काढा आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा.

- - -

टेपमेजर:

तुमच्या मापांवरून कागदावर काढून बघितलं. गाडी बसते. थोडं सविस्तर लिहितो.

लांबी २२, गाडी १७, म्हणजे ५ फूट शिल्लक. हे सगळे एकाच बाजूला ठेवू नका. पुढच्या भिंतीशी २ फूट सोडा आणि मागे, मोठ्या दाराच्या आत, ३ फूट.

मागच्या ३ फुटांत स्नोब्लोअर आडवा लावायचा, गाडीच्या पाठीमागे, दाराला समांतर. तो २ फूट रुंद आणि ५ फूट लांब, जागा आरामात पुरते. याचा खरा फायदा बर्फ पडलेल्या सकाळी कळेल. दार वर गेलं की पहिली वस्तू हातात येते ती स्नोब्लोअरच. गाडी हलवावी लागत नाही. आधी ड्राइव्ह वे साफ, मग गाडी बाहेर. बहुतेक जण त्याला आत कोपऱ्यात कोंबतात आणि मग न साफ केलेल्या बर्फावर गाडी काढत बसतात. एक मात्र पाळा: त्याला बाहेर ढकलून मगच सुरू करा. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालवलं तर दार उघडं असूनही कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

पुढच्या २ फुटांत दुमडलेला मोअर, भिंतीला समांतर. त्याच्यावर १६ इंच खोलीची फळी. वॉटर हीटरचा कोपरा मात्र पूर्ण मोकळा.

आता रुंदी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओडिसीचं बाजूचं मागचं दार सरकतं. आईंना मधल्या ओळीत बसवा. सरकत्या दाराला बाजूची जागा लागत नाही, फक्त माणूस उभा राहण्यापुरती लागते. गाडी डावीकडे सरकवून लावलीत तर उजवीकडे ३ फूट मिळतात, डावीकडे अडीच. उजव्या भिंतीवर काहीही टांगू नका, एक रेकसुद्धा नको. ती पूर्ण वाट आईंची. डाव्या भिंतीवर ड्रायव्हरच्या दारापाशी रिकामं, त्याच्या मागे गाडीच्या शेपटीपर्यंत ८-९ फूट भिंत मिळते, तिथे सगळं टांगा.

हे करायच्या आधी एक दिवस सगळं सामान बाहेर काढा, गाडी आत लावा आणि जमिनीवर तिच्याभोवती खडूने रेघ मारा. रेघेच्या आत काही ठेवायचं नाही.

- - -

सुतारपक्षी:

हुक का निघाले ते सांगतो. ड्रायवॉल म्हणजे अर्धा इंच जिप्सम, त्यात वजन धरायची ताकद नाही. हुकाबरोबर येणारे प्लास्टिकचे अँकर फोटोफ्रेमसाठी ठीक. वजन लाकडी स्टडवर, म्हणजे भिंतीच्या आतल्या उभ्या लाकडी खांबांवर, जायला हवं. स्टड साधारण दर १६ इंचांवर असतो, काही घरांत २४. स्टड फाइंडर नसेल तर मजबूत चुंबक भिंतीवरून फिरवा, तो स्क्रूच्या डोक्यावर चिकटतो, तिथे मागे स्टड.

माझी पद्धत अशी: एकेक हुक स्टडवर मारत बसायचं नाही. आधी एक लांब टू-बाय-फोर (जाड लाकडी पट्टी) आडवी, प्रत्येक स्टडमध्ये लॅग स्क्रूने (लाकडासाठीचा जाड, लांब स्क्रू). भोक आधी ड्रिलने पाडायचं, नाहीतर लाकूड फाटतं. मग त्या पट्टीवर हवा तिथे हुक. व्हीलबॅरो उभी, पोकळ बाजू भिंतीकडे. स्प्रेडर हँडलने. शिडी मात्र आडवी, खांद्याच्या वर.

छताला मोअर किंवा जड पेट्या लटकवायच्या योजना कोणी सुचवेल. करू नका. छताच्या कैच्या छप्पर पेलायला असतात. सामान ठेवण्यासाठी नसलेल्या माळ्याला नियमात चौरस फुटाला फक्त १० पौंड भार धरलेला असतो. सायकली, रिकामे डबे, ख्रिसमसचे दिवे इथपर्यंत ठीक.

- - -

मिशिगनकर:

+१ सगळ्यांना. माझं मत थोडं वेगळं आहे. पेट्रोलचा मोअर विकून बॅटरीचा घ्या. त्यांतले बरेच उभे ठेवता येतात कारण आत तेलच नसतं, आणि मग जागा लागते ती एका खुर्चीएवढी. मी तीन वर्षांपूर्वी बदलला. फक्त बॅटरी हिवाळ्यात घरात ठेवा. लिथियमची बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, कायमची बिघडते.

- - -

सावलीचं_झाड:

वॉटर हीटर गॅसवरचा आहे असं तुम्ही लिहिलंय आणि मोअर पेट्रोलचा. म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि हीटरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. म्हणूनच गॅरेजमधल्या हीटरची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर ठेवायचा नियम आहे. तुमचा हीटर स्टँडवर आहे का ते आजच बघा. घर जुनं आहे म्हणता, म्हणून सांगते.

मोअरची टाकी ऑक्टोबर-अखेरच्या कापणीनंतर रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि चार महिन्यांत कार्ब्युरेटर चिकट होतो. टाकी रिकामी असली की मोअर पुढच्या भिंतीशी ठेवायला मलाही चालेल, हीटरपासून दूरच्या टोकाला. पेट्रोलचा लाल डबा मात्र आत नकोच. आमचा डबा घराच्या मागे, उन्हापासून लांब, कुलूप असलेल्या बाहेरच्या पेटीत असतो.

आणि खताच्या अर्धवट पिशव्या काँक्रीटवर ठेवू नका, ओल धरून दगड होतात. झाकणाच्या बादलीत भरा, बादली फळीवर. मुलं आहेत म्हणून वरच्या.

- - -

अंगणवेल:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मला खरंच भरून आलं. कालचा शनिवार आम्ही यातच घालवला.

सगळं सामान बाहेर काढलं, गाडी आत घेतली आणि खडूची रेघ मारली. @टेपमेजर, उजवीकडे पायरीपासून गाडीपर्यंत ३४ इंच मिळाले. पायरी भिंतीच्या बाहेर आलेली आहे हे मी लिहिलंच नव्हतं. मी स्वतः आईसारखी काठी घेऊन उतरून बघितलं, सरकत्या दारातून बसून बघितलं. जमतं. स्नोब्लोअर मागे आडवा बसला, दार लागलं, कुठे घासलंही नाही.

@सुतारपक्षी, चुंबकाची युक्ती मुलीला फार आवडली, तिनेच स्टड शोधून पेन्सिलने खुणा केल्या. डाव्या भिंतीवर १६ इंचांवरच आहेत. पट्टी पुढच्या शनिवारी लावतो. आत्ता व्हीलबॅरो बाहेर ताडपत्रीखाली आहे.

@सावलीचं_झाड, हीटर स्टँडवर नाही. थेट जमिनीवर आहे. काल रात्री हे लक्षात आल्यावर मोअर आणि लाल डबा दोन्ही बाहेर काढले. सोमवारी प्लंबरला फोन करते. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी त्या कोपऱ्याकडे बघितलंही नसतं.

@मिशिगनकर, हीटर उचलून घेण्याचा खर्च किती येतो त्यावर ठरेल, पण बॅटरीचा मोअर घ्यायचा विचार आता जवळजवळ पक्का होतोय. आमचं लॉन साधारण ५,००० चौरस फूट आहे, मागच्या बाजूला उतार. एका चार्जमध्ये एवढं होतं का? तुमचं लॉन केवढं आहे आणि बॅटरी किती अँपिअर-अवरची घेतलीत, ते सांगाल का?