एफएन बटण दाबलं तरी काहीच उमटत नाही

भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. एफएन धरून आवाज कमी-जास्त होतो, ब्राइटनेस मात्र ढिम्म. त्यात एफएन नेमकं कोपऱ्यात, कंट्रोलच्या जागी! अदलाबदल करावी म्हणून एक्सईव्ही (दाबलेलं बटण दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून एफएन दाबलं, तर शुकशुकाट. बटण मेलं का?

जुना_डबा: मेलं नाही रे. बहुतेक लॅपटॉपांत एफएन ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोचतच नाही. मदरबोर्डवरची एम्बेडेड कंट्रोलर ही छोटी चिप कीबोर्ड वाचते. एफएन दाबलेलं दिसलं की जोडीच्या बटणाचा वेगळाच स्कॅनकोड (बटणाचा आकडा) पुढे ढकलते. ब्राइटनेसचा निरोप बरेचदा एसीपीआयच्या (हार्डवेअर आणि सिस्टीममधल्या ठरलेल्या बोलीच्या) वाटेनं येतो आणि कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, तो कळावा लागतो. टर्मिनलात एसीपीआय_लिसन ही कमांड चालवून ब्राइटनेसचं बटण दाब. ओळ उमटली तर चिप निर्दोष. मग ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह हा पर्याय देऊन पाहा.

रात्रपाळी: अदलाबदल बायॉसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शोध. थिंकपॅड लॅपटॉपला तसा पर्याय असतो, सगळ्यांना नाही.

मूळ प्रश्नकर्ता: ओळ उमटली! नेटिव्हनं ब्राइटनेस सुरू. बायॉसात काही नाही, म्हणून कॅप्सलॉकलाच कंट्रोल केलं. तसंही ते चुकूनच दाबलं जायचं.