अलिशिया घरभेदी होती का?

जुना_रीळवाला
काल हिचकॉकचा 'नोटोरियस' (१९४६) पुन्हा पाहिला. शेवटासकट सगळं फोडणार आहे, न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

अलिशियाचा (इन्ग्रिड बर्गमन) बाप मायामीत नाझी हेर म्हणून तुरुंगात गेलेला. अमेरिकन एजंट डेव्हलिन (कॅरी ग्रँट) तिला रिओला नेतो. कामगिरी अशी की बापाचा दोस्त सेबास्टियन (क्लॉड रेन्स) याच्या घरात शिरायचं. तो हिचा जुना चाहता, लग्नाचं विचारतो, ही करतेही. मग त्याच्याच जुडग्यातली तळघराची किल्ली काढून डेव्हलिनला देते. माणूस नाझी आहे, मान्य. पण तिच्यावर जीव उघडपणे टाकला तो त्यानेच. याला घरभेदीपणा नाही तर काय म्हणायचं?

पिटातली_मावशी
सपशेल असहमत. निष्ठा दुभंगायला आधी ती दोन ठिकाणी असावी लागते. सुरुवातीची ती रेकॉर्ड विसरलात? घरात चोरून बसवलेल्या मायक्रोफोनवर ती बापाशी भांडतेय, आपलं या देशावर प्रेम आहे म्हणतेय. म्हणजे सरकारकडे पुरावा होता! तरी साहेबलोकांच्या बैठकीत तिच्या चारित्र्यावर शेरे.

दुभंगलाय तो डेव्हलिन. कामगिरी कळल्यावर ती बाल्कनीत वाट बघते, हा एकदा तरी 'नको जाऊस' म्हणेल. हा मिठाची गुळणी धरून उभा. साहेबांपुढे तिची बाजू घेतली होतीस ना बाबा, मग तिला सांगायला काय झालं होतं?

जुना_रीळवाला
डेव्हलिन खडूस आहेच. पण किल्लीचा प्रसंग बघा. नवरा प्रेमाने तिचा एक तळहात उघडून चुंबन घेतो. किल्ली दुसऱ्या मुठीत. ती मूठ उघडायच्या आत ही त्याच्या गळ्यात पडते, किल्ली त्याच्या पाठीमागे गालिच्यावर सोडते आणि पायाने हळूच टेबलाखाली सारते. मिठीसुद्धा हत्यार! मला तिथे दर वेळी त्याचीच कीव येते.

अर्धा_चहा
विषकन्या म्हणताय तिला, पण विष पाजलं कुणी कुणाला? बायको अमेरिकन एजंट निघाली हे सेबास्टियन आईला सांगतो, तर म्हातारी पलंगावर बसून आधी सिगारेट पेटवते. आपल्या मालिकांना इतक्या वर्षांत अशी सासू जमली नाही. मग रोजच्या कॉफीतून थोडंथोडं विष.

पिटातली_मावशी
+१. आणि तळघरातल्या दारूच्या बाटलीत युरेनियमचं खनिज निघालं, हेही विसरू नका. ती काय नवऱ्याची प्रेमपत्रं चोरत नव्हती.

जुना_रीळवाला
ठीक, घरभेदी हा शब्द मागे घेतो. कीव मागे घेणार नाही. शेवटी डेव्हलिन तिला जिन्यावरून सावरत खाली आणतो, खालून नाझी साथीदार बघताहेत. आता आपलं काही खरं नाही हे सेबास्टियनला कळलंय. तो गाडीपाशी येऊन मलाही घ्या म्हणून गयावया करतो आणि डेव्हलिन आतून दार लॉक करतो.

पिटातली_मावशी
करा की कीव. पण त्या गाडीत कॉफी पिऊन अर्धमेली झालेली बाईसुद्धा होती, तुमच्या दोन्ही प्रतिसादांत ती दिसलीच नाही.