मदत हवी: मॅट मारलं आणि विमान पांढरं पडलं, रविवारपर्यंत काय करता येईल?

लोकलवाला
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. किटमधून हॅरियर विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल बनवलंय, रंग, डिकल (चिकटवायची चित्रं) सगळं झालं होतं, शेवटचा हात म्हणून काल रात्री चकाकी घालवायला मॅट मारलं आणि सकाळी बघतो तर अख्ख्या पाठीवर पांढरट थर, पावडर फासल्यासारखा. कोरड्या फडक्याने जात नाही. रविवारी द्यायचंय. नवीन किट मागवायला वेळ नाही आणि पहिल्यापासून सगळं करायचा पेशन्स त्याहून नाही. "आधी टेस्ट करायला हवी होती" छाप प्रतिसाद कृपया नकोत. उपाय सांगा.

स्प्रूमास्तर
मॅट म्हणजे नक्की काय मारलंत? लॅकर, एनॅमल की पाण्याचं अ‍ॅक्रिलिक? ब्रशने, एअरब्रशने की कॅनने? खाली कुठला रंग आहे आणि तो किती वाळला होता? स्केल काय? फोटो टाका. एवढ्या माहितीवर ज्योतिषी पण काही सांगणार नाही.

लोकलवाला
मॅट म्हणजे मॅट वार्निश. स्केल १/७२. फोटो अपलोड होत नाहीये, सारखी साइज जास्त दाखवतंय.

स्प्रूमास्तर
पाच प्रश्न विचारले त्यातल्या दीडाचं उत्तर आलं.

आजीचा_बटवा
सोपं आहे. नेलपेंट रिमूव्हर कापसावर घ्यायचं आणि हलक्या हाताने पुसायचं. मी माझ्या ट्रॅक्टरवर केलंय, एकदम नव्यासारखा झाला.

चिकटपट्टी
@लोकलवाला थांबा, हे अजिबात करू नका!! नेलपेंट रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं आणि किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरिन. रंगाबरोबर पंख पण विरघळेल, पॅनल लाइन (पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेघा) वगैरे सगळं गुळगुळीत. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर पण तसंच. @आजीचा_बटवा तुमचा ट्रॅक्टर प्लास्टिकचा होता का?

आजीचा_बटवा
नाही, धातूचा, डायकास्ट. पण रंग तो रंगच ना ताई.

चिकटपट्टी
🤦‍♀️

पातळ_थर
पाऊस चालू असताना स्प्रे मारलाय ना? माझं उत्तर तिथेच आहे. स्प्रेमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, मग हवेतलं बाष्प त्या ओल्या थरावर जमतं आणि आतच अडकतं, तोच हा पांढरेपणा. याला ब्लशिंग म्हणतात, फर्निचर पॉलिशवाल्यांना विचारा, पावसाळ्यात ते पण लॅकर मारायला नाही म्हणतात. जुलैमध्ये मुंबई-ठाण्यात आर्द्रता सहज ८०-९० टक्के असते. ७०च्या वर गेली की मी कॅनला हात लावत नाही.

स्प्रूमास्तर
प्रत्येक पांढरेपणा म्हणजे ब्लशिंग नव्हे हो. मॅट वार्निशमध्ये चकाकी मारण्यासाठी सिलिकाची बारीक पूड असते, ती डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही किंवा एकाच जागी भरपूर मारलं की ती पूडच वर येते, भर मे महिन्यात सुद्धा. माझं शर्मन रणगाड्याचं एक किट नागपुरात एप्रिलमध्ये असंच पांढरं झालंय, तिथे कुठली आली आर्द्रता?

पातळ_थर
नागपूरचं डोंबिवलीला कसं लावता?

स्प्रूमास्तर
डोंबिवली कुठून काढलंत? धागाकर्त्याने गाव सांगितलेलंच नाहीये.

लोकलवाला
डोंबिवलीच आहे 😅 आधीच्या एका धाग्यात लिहिलं होतं. बरं ऐका, हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे कॅन आहे, डब्यावर मॅट क्लिअर लिहिलंय, बाकी काही नाही. गॅलरीत मारला, पाऊस होता पण अंगावर येत नव्हता. हलवला होता की थोडा. खालचा रंग हंब्रॉल १२३, एनॅमल, ब्रशने, चांगला आठवडाभर वाळवलाय. पोटाकडे पांढराच रंग आहे त्यामुळे तिथे काही कळत नाही, सगळी बोंब वरच्या गडद करड्यावर. शेपटीवर पांढऱ्या वाघाचं डिकल आहे, त्याच्याभोवती तर असं झालंय की वाघ कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते समजत नाही.

सागरी_गस्त
पांढरा वाघ म्हणजे नौदलाची स्क्वाड्रन आयएनएएस ३००, व्हाइट टायगर्स! म्हणजे तुम्ही आपल्या नौदलाचं सी हॅरियर करताय, हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना राव. नुसतं हॅरियर म्हटल्यावर मला वाटलं ब्रिटिश हवाई दलाचं. आपली आवृत्ती एफआरएस ५१. १९८३च्या डिसेंबरमध्ये पहिली विमानं गोव्यात दाबोळीला उतरली, आधी विक्रांत आणि मग विराट या विमानवाहू जहाजांवर, २०१६ला निवृत्त. विराट म्हणजे मूळची हर्मिस, १९८२च्या फॉकलंड युद्धातली ब्रिटिशांची फ्लॅगशिप. बरं, एअरफिक्स कंपनीचं एफआरएस १चं, म्हणजे ब्रिटिश आवृत्तीचं किट घेऊन केलंय ना? मग पंखाखाली साइडवाइंडर मिसाइल लावलीत का? कारण आपल्याकडे साइडवाइंडर नव्हती, फ्रेंच मात्रा मॅजिक होती.

लोकलवाला
अहो मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय. पण हो, साइडवाइंडर लावलीयेत. आता ते पण चुकलं का?

सागरी_गस्त
चुकलं.

गोदाकाठ
विषय निघालाच आहे तर, आमच्या नाशिकला ओझरच्या एचएएलमध्ये मिग-२१ बनायची, वडील तिथेच होते. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला शेवटचा निरोप दिला तेव्हा घरात टीव्हीसमोर कोणी बोलत नव्हतं. एदुआर्द कंपनीचं त्याचं १/४८चं किट आणून ठेवलंय, डबा उघडायची हिंमत होत नाही, एवढे बारीक पितळी भाग बघूनच घाम फुटतो. आधी कॉकपिट करावं की विंग?

चिकटपट्टी
कॉकपिट. पण वेगळा धागा काढा ना, इथे एक पेशंट टेबलावर आहे.

निवांत
हे उडतं का? मोटर वगैरे किती वॅटची बसते?

स्प्रूमास्तर
@निवांत नाही उडत. शोकेसमध्ये बसतं.
@लोकलवाला आता कामाचं. एनॅमलवर तो दुकानी लॅकर मारून सुरकुत्या आल्या नाहीत हे नशीब समजा, गरम सॉल्व्हंटने एनॅमल उचलला जातो. एक छोटी टेस्ट करा. कानात घालायची कापसाची काडी साध्या पाण्यात बुडवा आणि पंखाच्या एका कोपऱ्यावर फिरवा. ओलं असताना पांढरेपणा गायब होतो का ते बघा.

आजीचा_बटवा
पाण्यापेक्षा खोबरेल तेल लावा. ओलं राहतं आणि चमक पण येते.

पातळ_थर
हसू नका, परदेशात ऑलिव्ह ऑइल चोळणारे लोक आहेत यासाठी, खरंच. पृष्ठभागावरचे बारीक खड्डे भरतात म्हणून पांढरं दिसत नाही. पण त्यावर पुढे दुसरं काही मारायचं असेल तर बसणार नाही आणि दोन महिन्यांत त्यावर एवढी धूळ चिकटेल की पांढरं परवडलं म्हणाल.

लोकलवाला
केली टेस्ट. ओलं असताना पूर्ण जातंय!! गडद करडा दिसतो जसा होता तसा. वाळलं की हळूहळू परत येतं. राउंडेलच्या (पंखावरच्या गोल चिन्हाच्या डिकलच्या) कडेला मात्र ओलं असताना पण चंदेरी चमक राहते.

स्प्रूमास्तर
हेच ऐकायचं होतं. ओलं असताना गायब म्हणजे पांढरेपणा वरच्या वर आहे, पृष्ठभाग खडबडीत झालाय आणि त्यावरून उजेड विखुरतो. त्यावर ग्लॉसचा, म्हणजे चकाकीवाल्या वार्निशचा पातळ थर दिला की पाण्यासारखाच तो खड्डे भरून काढतो, फरक एवढाच की वाळल्यावर तसाच राहतो. थर आतपर्यंत पांढरा असता तर ओला करून पण गेला नसता, मग सगळं खरवडायची पाळी आली असती.
राउंडेलची चमक हे वेगळं दुखणं, सिल्व्हरिंग. डिकलच्या फिल्मखाली हवा अडकलीये. ब्रशने मारलेल्या रंगावर थेट लावलं असणार, आधी ग्लॉस न देता. आता बारीक सुईने त्या जागी दोन-चार टोचे मारा आणि डिकल सॉफ्टनरचा थेंब सोडा, मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर. वर वार्निशचा थर बसलाय म्हणून टोचे खालपर्यंत गेले पाहिजेत. थेंब सोडल्यावर डिकल सुरकुततं, घाबरून बोट लावू नका, आपोआप बसतं.

पातळ_थर
निदानाशी सहमत नाही पण उपायाशी सहमत. फक्त परत तोच कॅन नको आणि परत लॅकर नको. हवा अजून तशीच आहे. पाण्याचं अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वार्निश घ्या, आर्ट मटेरियलच्या कुठल्याही दुकानात मिळतं, मऊ रुंद ब्रश, थोडं पाणी घालून. एकदा ब्रश फिरवला की त्याच जागी परत जायचं नाही, अर्धवट वाळलेल्यावर ब्रश गेला की रेघा उठतात.

रिकामा_डबा
एवढं करण्यापेक्षा बेडरूममध्ये एसी तासभर लावा, हवा कोरडी होते, कॅन कोमट पाण्यात ठेवा म्हणजे प्रेशर चांगलं येतं आणि तिथेच परत मारा. मी कायम असंच करतो, एकदाही पांढरं नाही झालं.

चिकटपट्टी
बंद खोलीत स्प्रे? मास्क लावता का तरी? आणि कॅनमधला गॅस पेट घेतो, शेजारच्या खोलीत देवघरात निरांजन चालू असेल तर सत्यनारायणाऐवजी अग्निशमन दल येईल. कोमट पाणी ठीक, पण लोक कोमट म्हणता म्हणता गॅसवर ठेवतात म्हणून सांगते.

रिकामा_डबा
ताई, तुम्ही फारच घाबरता. कोणी गॅसवर ठेवत नाही.

चिकटपट्टी
आमच्या घरात एकाने ठेवलाय. नाव सांगत नाही, तो पण हा धागा वाचतोय.

निवांत
उडत नाही तर एवढे कष्ट कशाला? आणि किंमत काय असते या किटची? बायकोला विचारावं लागेल.

चिकटपट्टी
आमच्याकडे उलट आहे, किटचे डबे माळ्यावर मी लपवते. नवऱ्याला वाटतं दिवाळीच्या पणत्या आहेत.

सागरी_गस्त
मला एक कळत नाही, मुळात मॅट मारायचंच कशाला? सगळे आपले शेवटी मॅट, शेवटी मॅट. तुम्ही वरून गडद करडं आणि खालून पांढरं केलंय म्हणजे सुरुवातीच्या काळातलं विमान. ती मूळ ब्रिटिश नौदलाचीच शांतताकाळातली रंगसंगती आणि त्या रंगाला तकाकी होती. फॉकलंडच्या वेळी ब्रिटिशांनी पोटं घाईने गडद रंगवली. आपली पण पुढे पूर्ण करड्या रंगात गेली, ती असती तर मॅट शोभलं असतं. तेव्हा ग्लॉस द्या, फार तर सॅटिन (दोन्हींच्या मधलं), आणि तिथेच थांबा. मॅटचा प्रश्नच मिटला.

स्प्रूमास्तर
हे मान्य करावं लागेल. गस्तवाल्यांनी पहिल्यांदाच विषयाला धरून लिहिलंय.

सागरी_गस्त
मी पहिल्यापासून विषयालाच धरून होतो, तुम्हाला विषय उशिरा समजला.

लोकलवाला
ओके ग्लॉस आणलंय. सॉफ्टनर इथे कुठेच मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं तर सोमवारी येणार, काय उपयोग. रविवारी काकांची पंच्याहत्तरी आहे. ते विराटवर होते, हॅरियरच्या मेंटेनन्सला, साधारण १९८९-९०च्या सुमारास. म्हणून घाई.

स्प्रूमास्तर
हे आत्ता सांगताय! बरं, सॉफ्टनर नाही तर टोचे मारून साधं व्हिनेगर पाण्यात मिसळून थेंब सोडा, थोडंफार काम करतं. नाहीतर टोच्यांमधून पातळ केलेला ग्लॉसच आत शिरू द्या, हवेची जागा तो घेतो. पूर्ण नाही गेलं तरी हातभर अंतरावरून दिसणार नाही. आणि आधी पोटाकडच्या पांढऱ्या भागावर मारून बघा, काही बिघडलंच तर तिथे लपेल.

लोकलवाला
उजव्या पंखावर पण मारलं. मंडळी, गेलं!!! पूर्ण गेलं. डावा अजून पांढरा आहे, आता दोन्ही शेजारी बघताना विश्वास बसत नाही. पंखाच्या मुळाशी ब्रशच्या दोन रेघा राहिल्यात पण त्या मला एकट्यालाच दिसतील. वाघाला रात्री हात लावतो.

पातळ_थर
मस्त. दोन थरांमध्ये घाई नको, या हवेत पाण्याचं वार्निश पण रेंगाळतं. हाताला कोरडं लागलं म्हणून बोटांनी दाबून धरू नका, ठसे उमटतात. वर एखादा डबा उपडा घालून ठेवा, पंख्याखाली धूळ बसेल.

लोकलवाला
धन्यवाद सगळ्यांना. आता एकच, ते साइडवाइंडरचं काय करू? मात्रा मॅजिक कुठून आणू दोन दिवसांत?

सागरी_गस्त
आणू नका. साइडवाइंडर अलगद तोडा, सांधा पॉलिश पेपरने घासून रंगाचा एक टच द्या, रिकामे पायलॉन (मिसाइल अडकवायचे पंखाखालचे आधार) ठेवा. रोज कुठे मिसाइल लटकवून उडतात.

लोकलवाला
तुटताना पायलॉन पण आला तर? राहू दे का तसंच, एवढं कुणाला कळतंय.

सागरी_गस्त
काका मेंटेनन्सला होते म्हणालात ना? डबा उघडल्यावर त्यांची नजर सगळ्यात आधी तिथेच जाणार. नवीन ब्लेड घ्या आणि दाबून नका कापू, करवतीसारखं हळूहळू फिरवा.

गोदाकाठ
कॉकपिट सुरू केलं. सीटचे पट्टे चिमट्यातून उडाले, फरशीवर शोधतोय. हे सगळ्यांचं होतं का?

निवांत
हॅरियरच्या किटची किंमत व्यनि (खासगी निरोप) करा प्लीज.