मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) दिसतील का?

नदीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस पुण्याहून भिगवणला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि दोन मुलं (७ आणि ११ वर्षं), स्वतःची गाडी. मुलांना रोहित बघायचेत. या दिवसांत ते नक्की दिसतात का? नसतील तर त्याच भागात दुसरं काय बघावं? दुर्बिणी दोन आहेत, ८×४२ आणि १०×५०. होडीत कोणती न्यावी?

पाणथळ
रोहितसाठीच जाणार असाल तर दिवाळीत जाऊ नका, मुलं हिरमुसतील. रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळतो. त्याला चिखलाची सपाट, पसरट जागा लागते. पावसाळा संपला की उजनी धरण (भिगवणचं पाणी म्हणजे त्याचाच फुगवटा) काठोकाठ भरलेलं असतं, आणि रोहितांचा चिखल तेव्हा कित्येक फूट पाण्याखाली असतो. रब्बीच्या पिकांसाठी कालव्यात पाण्याची आवर्तनं सुटून पाणी मागे हटलं की काठ उघडे पडतात आणि थवे उतरायला लागतात. भरवशाचे महिने म्हणजे जानेवारी ते मार्च. निघण्याआधी पेपरात उजनीचा साठा बघत जा. शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर रोहितांचा बेत पुढे ढकला.

पण जाणंच रद्द करू नका. कुंभारगाव आणि डिकसळच्या काठाला या दिवसांत चित्रबलाक, मोर शराटी, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, हळदी-कुंकू बदकं असतात. थापट्या आणि तलवार बदकांचे पहिले थवे यायला लागलेले असतात. पाण्यात उभ्या वाळक्या झाडांच्या शेंड्यावर कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) बसलाय का ते बघा. मासा पकडला की तो त्याचं डोकं पुढे करून, दोन्ही पायांत लांबट धरून उडतो. हे मुलांना आधी सांगून ठेवलं तर ती स्वतःच शोधतील. पट्टकदंब हंसांसाठी मात्र डिसेंबर उजाडावा लागतो.

होडीत ८×४२ च न्या. होडी हलते, आणि १०×५० मध्ये ते हलणं जास्त मोठं दिसतं, शिवाय ती जड. १०×५० काठावर बसून वापरा.

होडीत साडेसहाला बसा, नऊ-साडेनऊला उतरा. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन पाण्यावर असं तापतं की लांबची हवा थरथरते. तेव्हा काढलेले फोटो मऊ येतात, त्यात लेन्सचा दोष नसतो. नावाड्याला दोन गोष्टी बसतानाच सांगा: ऊन पाठीशी ठेवा, आणि थवा उडवू नका. पक्षी चरायचे थांबून माना वर करायला लागले की तिथेच थांबायचं, तीच मर्यादा. लहान मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते आदल्या दिवशी फोनवर विचारा. मोठ्यांचं जॅकेट ७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

तुरमती
दुसरा दिवस माळरानाला द्या. शरदात खरी मजा तिथे आहे, आणि लोक ती सोडून नुसते पाण्याकडे पळतात याचं वाईट वाटतं. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं गवताळ रान बघा. परवानगी आणि वेळा वनविभागाकडून आधी नक्की करून घ्या, आखलेली वाट सोडू नका.

ऑक्टोबरात गवत सोनेरी झालेलं असतं आणि नाकतोड्यांनी भरलेलं. त्यांच्यामागे भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) येतात, मध्य आशियातून. भोवत्या ओळखायला सोपा: गवताच्या जेमतेम हातभर वरून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, डुलत डुलत जातो आणि एकदम खाली पडल्यासारखा बसतो. रात्री हे पक्षी गवतातच जमिनीवर एकत्र झोपतात. सूर्यास्ताआधी अर्धा तास गाडी वाटेवरच एका बाजूला लावा, इंजिन बंद, आवाज नाही. एकेक करत येतात, घिरट्या घालतात, उतरतात. त्या गवतात पाय टाकू नका. एकदा उठवले की अंधारात दुसरी जागा शोधत फिरतात.

चिंकारा, खोकड (छोटा कोल्हा), धाविक आणि चंडोल पक्षी हेही इथलेच. चिंकाऱ्याला गाडीपेक्षा माणसाच्या आकृतीची भीती जास्त, म्हणून खाली उतरू नका. कॅमेऱ्याला आधार म्हणून जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्यात किलोभर तांदूळ भरा, दोन्ही टोकं शिवा आणि खिडकीच्या काचेवर टाका. उडत्या भोवत्याला शटर १/१६०० किंवा त्याहून जलद.

परतताना वेळ असेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५ चौरस किलोमीटर, पण चिंकाऱ्यासाठी चांगलं. चौफुल्यावरून फाटा आहे.

नदीकाठ
मनापासून आभार. बेत बदलला: एक दिवस पाणी, एक दिवस माळ. माळावर कपडे कुठले घालावेत? आणि धाकट्याला दुर्बिणीतून एकाऐवजी दोन गोल दिसतात, ते कसं सुधारायचं?

कुसळ
गाडीत बसून राहिलात तर कपड्यांचा प्रश्नच नाही. पण मुलं वाटेवर उतरणारच, आणि या दिवसांत कुसळी गवत पिकलेलं असतं. सुती मोजे आणि लोकरीचं काहीही नको. कुसळाच्या (त्या गवताच्या टोकदार बीच्या) शेपटीला पीळ असतो. दंवाने ओली झाली की ती उलगडते, वाळली की पुन्हा पिळते, आणि तेवढ्याने टोक कापडात आत आत जातं. टोकावरचे केस मागे वळलेले असतात, म्हणून शेपटी धरून ओढलं तर टोक तुटून आत राहतं. कापड आतून हाताने धरा, टोक ज्या दिशेने शिरलंय त्याच दिशेने पुढे ढकलून आतल्या बाजूने बाहेर काढा. गुळगुळीत नायलॉनची पँट घाला, किंवा जुन्या छत्रीचं कापड पोटरीला गुंडाळा. बूट घोट्यावर येणारे हवेत. दगड उलटे करू नका, खाली फुरसं (विषारी साप) असू शकतं.

दुर्बीण: मुलाचे डोळे जवळ असतात. मधला सांधा दुमडत न्या, दोन गोल एक होईपर्यंत. पूर्ण दुमडूनही होत नसेल तर ती दुर्बीण त्याच्या मापाची नाही, ८×३० किंवा त्याहून लहान बघा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, आणि डावा मिटून उजव्या भिंगाजवळच्या कड्याने उजव्याला. चष्मा असेल तर रबरी कप खाली दुमडा.

पाणथळ
एक राहिलं. उसाचा हंगाम तोंडावर आहे. पहाटे निघाल तेव्हा भिगवणच्या पुढच्या आतल्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागचा दिवा बहुतेकदा नसतो. उजाडेपर्यंत वेग चाळीसच्या आत ठेवा.