शेवट पुस्तकातलाच खरा

‘हॅरी पॉटरचा शेवट सिनेमातच जास्त जमलाय’ हे काही पटलं नाही बुवा. सिनेमात खलनायक व्होल्डेमॉर्ट चिंध्या होऊन हवेत उडून जातो, तेही रिकाम्या आवारात, बघायला कुणी नाही. पुस्तकात तो भरल्या सभागृहात, सगळ्यांदेखत, चारचौघांसारखा धपकन पडतो. मागे उरतं एक साधं प्रेत. अमर व्हायला निघालेल्याची याहून जास्त काय जिरवायची?

आणि ती एल्डर वाँड, सगळ्यात ताकदवान जादूची छडी! सिनेमात हॅरी ती सरळ मोडून फेकून देतो. पुस्तकात आधी तिच्याकडून स्वतःची मोडलेली जुनी छडी सांधून घेतो, मगच तिला रामराम ठोकतो. जगातली सगळ्यात ताकदवान वस्तू हातात आणि पोराला हवी आपलीच छडी. हे गाळायचं म्हणजे कहरच.

हॅरीच्या मित्राचा, रॉनचा भाऊ फ्रेड याला मारल्याचा राग मात्र मला अजून आहे. रुसून गेलेला त्याचा भाऊ पर्सी इतक्या वर्षांनी घरच्यांकडे परततो, विनोद करतो, फ्रेड हसतो आणि स्फोट होऊन भिंत फुटते. २००७ साली सोलापुरात आमच्या टोळक्यात या शेवटच्या पुस्तकाची एकच प्रत फिरत होती. सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर ती पुढच्याच्या हातात देताना ‘पर्सी परत आला की जरा दम धर बे’ एवढंच सांगायचो.

‘एकोणीस वर्षांनंतर’चं शेवटचं प्रकरण नसतं तरी चाललं असतं. हॅरीच्या पोराचं नाव काय, तर दोन हेडमास्तरांची नावं जोडून अल्बस सेव्हरस! बारशाला आत्या नसली की असं होतं.