दहा-सी फॉर्मवरची ती एक खूण

बरेच जण म्हणतात की पीएफची पेन्शन चणेफुटाण्याएवढी, तिचा हिशेबच धरू नये, सगळं म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत (दरमहा ठरावीक गुंतवणुकीत) टाकावं. चणेफुटाणे हे कबूल, पण आहेत तेही आपण हातानं सांडतो, ते कुणी सांगत नाही.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात सात वर्षं होतो. २००५ साली नोकरी बदलली तेव्हा हिशेबनीस म्हणाला, "भाऊ, पेन्शनचेही काढून घ्या, कोण बसतंय अठ्ठावन्नपर्यंत!" पेन्शनचे पैसे काढायचा दहा-सी फॉर्म भरला, पैसे आले, दांडिया बाजारच्या घरात पहिला फ्रीज आला. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि सेवेची वर्षं शाबूत राहतात, हे कुणी सांगितलं नाही. (मीही वाचलं नाही म्हणा.)

पुढे दुसरीकडे तेरा वर्षं झाली. ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेचं, सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, तोही जास्तीत जास्त १५,००० धरून, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मर्यादा ६,५०० चीच. दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शन नाही, आणि वीस भरली तर वर दोन वर्षं जास्तीची धरतात. माझी सात अधिक तेरा म्हणजे बरोबर वीस झाली असती. फ्रीज केव्हाच भंगारात गेला.

आता यूएएनमुळे (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकामुळे) जुनी सेवा ऑनलाइन जोडता येते. मुलाची गेल्या महिन्यातच जोडून घेतली.