सोलापूरच्या कारागृहात व्यसनमुक्तीची वेगळी बराक हवी का?

पूर्वभागकर
तुरुंगातली व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याला व्याख्यान आणि शपथ एवढंच आठवतं. मला हवी आहे ती वेगळी बराक. दारू, गांजा, रसायन घातलेली शिंदी यांच्या तावडीत सापडलेले बंदी तिथे एकत्र राहतील. सकाळी सभा, मग कामांची वाटणी. जुन्याने नव्याला सांभाळायचं आणि संध्याकाळी एकमेकांच्या वागण्याबद्दल तोंडावर बोलायचं. न्यूयॉर्कच्या तुरुंगांत 1977 साली 'स्टे एन आउट' हा उपक्रम असाच सुरू झाला. तिथली माणसं इतर कैद्यांपासून वेगळी ठेवली जात. नऊ ते बारा महिने राहिलेल्यांचे परिणाम सर्वांत चांगले आले. सोलापुरात हे का होऊ नये?

कोर्टरोड
दादा, नऊ महिने आणायचे कुठून? 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत 75.8 टक्के लोक कच्चे कैदी होते. जिल्हा कारागृहात तर तेच जास्त. आज आत आलेला पुढच्या तारखेला जामिनावर बाहेर. दोष सिद्ध न झालेल्या माणसाला उपचारासाठी आत थांब, असं कोणत्या कायद्याने सांगणार?
अमली पदार्थांविरोधातल्या एनडीपीएस कायद्याचं कलम 39 वाचा. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, न्यायालय उपचारासाठी सोडू शकतं. ती वाट आधी वापरा. आणि दारूचं म्हणाल तर 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या 'ऑपरेशन परिवर्तन'ने हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसरा रोजगार देण्याचा प्रयत्न केला. तो भिंतीबाहेरचा मार्ग होता. पैसा तिकडे जावा.

घरकुलची लेक
वकीलसाहेब, तुमचं कायद्याचं बरोबर असेल. पण आमच्या चाळीतल्या बायकांना विचारा. नवरा आत असतो तेव्हाच रात्री झोप लागते, असं सांगतात. विड्या वळून घर चालवणाऱ्या बायका आहेत या. मजुरी लपवायची कुठे, हाच रोजचा प्रश्न. तो आत गेला की पहिल्यांदा दारूविना राहतो, आणि त्या काळात त्याच्याशी कुणी दोन शब्द नीट बोलत नाही. मग सुटतो आणि घरी यायच्या आधी गुत्त्यावर जातो. तीन आठवडे मिळाले तरी वापरा की! आणि मुलाखतीला आलेल्या बायकोला बाजूला बसवून समजावा, सुटल्यावर काय करायचं, कुणाला फोन करायचा. हे तर फारसा पैसा न लागणारं काम आहे.

वर्धापन
मी स्वतः व्यसनातून बाहेर आलोय, तरी या बराकीला माझा विरोध आहे. आमच्याकडे जुना माणूस नव्याला धरून ठेवतो, ते खरंच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 1986 पासून हेच पाहायला मिळतं. पण तुरुंगात 'जुना' म्हणजे कोण? बराकीतला भाई. त्याच्या हातात 'तोंडावर बोलण्याचा' अधिकार दिला तर तो दुबळ्याला सोलून काढेल.
अमेरिकेतच बघा. ज्या सिनॅनन या व्यसनमुक्ती संस्थेपासून ही सगळी कल्पना निघाली, ती 1958 मध्ये सुरू झाली आणि पुढे हुकूमशाही पंथ होऊन बसली. 1978 मध्ये त्यांच्याच माणसांनी विरोधातल्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवला. संस्थापकावर जिथे लगाम राहिला नाही, तिथे भाईवर कोण ठेवणार?

पूर्वभागकर
वर्धापनदादा, तुमचा मुद्दा सगळ्यांत जड आहे. म्हणून दोन अटी घालतो. बराकीचा जुना माणूस शिक्षा देणार नाही, आणि रोजच्या सभेत बाहेरचा समुपदेशक बसेल. तो नसेल तर सभा नाही.
पहिले दिवस मात्र डॉक्टरांचेच. दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, माणूस जिवानिशीही जाऊ शकतो. तिथे सभा कामाची नाही, औषध लागतं.
पण विश्वासावर कैदी राहू शकत नाहीत, असं कुणी म्हणेल तर ते मान्य नाही. आपल्या सांगोल्याला लागून आटपाडी तालुका, तिथलं स्वतंत्रपूरचं खुलं कारागृह बघा. 1939 मध्ये औंध संस्थानाने वसवलं. कैदी कुटुंबासह राहून शेती करतात.

कोर्टरोड
स्वतंत्रपूरला निवडलेले, शिक्षा झालेले लोक जातात. त्यांच्याकडे वेळही असतो आणि बायकापोरं जवळ असतात. कच्च्या कैद्याकडे यातलं काहीच नाही.
ताईंचं मात्र पटलं. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये आला होता. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या 12.7 पट, आणि अमली पदार्थांचा अतिडोस हे मोठं कारण. आत शरीराची सवय मोडते, बाहेर माणूस जुनंच प्रमाण घेतो. म्हणजे सुटल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे, आणि सुटकेच्या दिवशी गेटवर कुणीच नसतं. बराकीला माझा विरोध कायम आहे. गेटवर समुपदेशक उभा करायचा असेल तर अर्ज मी लिहून देतो.

घरकुलची लेक
लिहा साहेब. सह्या मी गोळा करते. पण अर्जात हेही घाला, जामिनाची ऑर्डर झाली की घरी आधी कळवा. रात्री आठला अचानक दारात उभा राहतो माणूस, तेव्हा बाईने करायचं काय?